धर जरा

आमच्या घरात इंग्रजीतलं एक बोलणं चालत नसे.
शिव्या चालत; माझा भाऊ खेचराला द्यायचा त्या सगळ्या.
पण हातात काही देताना लोक सहज म्हणतात ना,
"धर जरा",
तेवढं नाही.
दुधाची बादली आधी जमिनीवर ठेवायची,
मग दुसऱ्याने उचलायची.
तान्ह्या बाळालासुद्धा आई पलंगावर ठेवी
आणि बाजूला सरे.

वडील पिंपं करायचे.
टोर्केल ओस्लाक्सन, विस्कॉन्सिन.
लोण्याची पिंपं, ओकच्या फळ्या, हिकरीचे पट्टे.
पिंपाला खिळा लागत नाही, म्हणायचे,
फळ्या एकमेकींना रेलून उभ्या असतात,
भीतीपोटी.
तरी खिळ्यांचा एक डबा होता.
त्यात पदक.

मे सरता सरता, थडग्यांवर फुलं वाहायच्या दिवशी
मी ते व्हिनेगरने घासून त्यांच्या कोटाला लावी.
बँडच्या मागून ते चालत, डावा पाय ओढत.
(पायाचे महिना बारा डॉलर मिळत.
पदकाचं काही नाही.)
पोरं विचारत, झेंडा कसा आणलात?
ते म्हणत, हातात.
पोरं हसत.

कागदावर एकच ओळ होती:
"शत्रूचा झेंडा हातघाईत हिसकावून आणला."

मग चाळीस वर्षांनी पेपरात आलं,
जिंकलेले झेंडे ज्यांचे त्यांना परत करणार.
त्या संध्याकाळी रंधा न थांबवता
ते बोलले. माझ्याशी की फळीशी, कोण जाणे.

"टेनेसीतली डोंगराची सोंड. धूर.
मला या देशात येऊन चौदा महिने.
आमच्या पलटणीत हुकूमसुद्धा नॉर्वेजियनमध्ये सुटायचे.
धुरातून एक पोरगा आला, माझ्याकडे तोंड करून,
गालांवर नुसती लव,
दोन्ही हातांत झेंड्याची काठी.
मी संगीन पुढे केली.
ती लागली, की आधीच कुणाची गोळी लागली होती,
ते मला आजही ठाऊक नाही.
तो काहीतरी बोलला. रागाने नाही,
कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याशी बोलावं तसं.
काठी माझ्या हातात दिली
आणि मोकळे झालेले दोन्ही हात
पोटावर घेतले.

मी काठी घेऊन उभा.
मागून आपली माणसं आली, आरडाओरडा,
मला खांद्यांवर उचललं.
मला वाटलं, 'शरण' म्हणाला असेल.
किंवा आईचं नाव.

दोन वर्षांनी मॅडिसनच्या बाजारात
एक बाई गाडीतून उतरत होती.
अंड्यांची टोपली माझ्यापुढे केली
आणि तेच म्हणाली. अगदी तेच."

अंडी फुटली.
एकोणीस सेंट भरून दिले, म्हणाले,
ती बाई भली होती, नको नको म्हणत होती.

त्या शरदात झेंडा दक्षिणेला गेला,
कुठल्याशा राजधानीत, काचेच्या कपाटात.
मी विचारलं, आता बरं वाटतं का?
त्यांनी पट्टा ठोकून पाहिला, कान लावला,
पुन्हा ठोकला.
"उशीर झाला," म्हणाले.
"तो 'जरा' म्हणाला होता."

दफनाच्या दिवशी पास्टरांनी ती ओळ वाचली.
'हिसकावून' या शब्दावर त्यांचा आवाज चढला.
मागच्या बाकावर कुणी नाक शिंकरलं.
मी खोडून काढायला हवं होतं, पण
बाहेर घोडे गारठले होते, कॉफी उकळत होती,
आणि माझ्या इंग्रजीत ते बसेना.

नंतर पास्टरांनी पदकासाठी हात पुढे केला,
पेटीत ठेवायचं म्हणून.
मी ते टेबलावर ठेवलं
आणि बाजूला सरले.
सवय.